पीक विम्याचं गणित आणि मराठवाड्याचा अनुशेष, दोन्ही मांडणारे वि. म. दांडेकर कोण होते?

सप्टेंबर संपता संपता लातूर-नांदेडकडे सोयाबीनची काढणी सुरू होते. त्याच दिवसांत गावातल्या एखाद्या शेतात चार-पाच माणसं टेप घेऊन उतरतात. कृषी सहायक असतो, महसूलचा माणूस असतो, विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, बांधावर शेतकरी उभा असतो. शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखला जातो. तेवढ्याच चौकोनातलं सोयाबीन कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि आकडा मोबाईलमध्ये भरायचा. याला म्हणतात पीक कापणी प्रयोग.

औशाच्या किंवा मुखेडच्या शेतकऱ्याला विमा मिळणार की नाही, हे प्रामुख्याने त्याच्या स्वतःच्या शेतावरून ठरत नाही. त्याच्या महसूल मंडळाच्या उत्पादनाची सरासरी काय निघते, त्यावर ठरतं. स्वतःचं पीक गेलं पण मंडळाची सरासरी बरी आली, तर हातात भोपळा. उलट स्वतःला बऱ्यापैकी पिकलं आणि मंडळ पडलं, तर खात्यावर पैसे.

मग शेतकरी विचारतो, नुकसान माझं आणि मोजमाप गावाचं, हे कुणाच्या डोक्यातून आलं?

उत्तर आहे, पुण्यातल्या एका प्राध्यापकाच्या. नाव विनायक महादेव दांडेकर. आणि गंमत अशी की, मराठवाड्यात ज्या शब्दावर चाळीस वर्षं राजकारण चाललंय, त्या 'अनुशेष' या शब्दाला पहिल्यांदा रुपयांमध्ये मोजणारा माणूसही हाच.

दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० चा, साताऱ्याचा. सांख्यिकीचं शिक्षण त्यांनी कलकत्त्यात घेतलं. हा काळ महत्त्वाचा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा कलकत्त्यात बसून भारतात सांख्यिकी नावाचं शास्त्र उभं करत होते. कलकत्ता विद्यापीठात या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण १९४१ मध्ये सुरू झालं. पहिल्या काही विद्यार्थ्यांमध्ये सी. आर. राव होते, जे पुढे जगभर गाजले. या राव यांच्या पाठ्यपुस्तकात 'दांडेकरांची दुरुस्ती' म्हणून एका सूत्राचा उल्लेख येतो. नमुना लहान असेल तर काय-वर्ग चाचणीचं उत्तर थोडं चुकतं, ते सुधारण्याची ही पद्धत. तो दांडेकर म्हणजे हाच. म्हणजे हा माणूस अर्थशास्त्रात आला तो आकडेमोडीच्या दारातून.

पुढे ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले. ही संस्था १९३० मध्ये साताऱ्याचेच वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून सुरू झाली होती आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक होते. गाडगीळांची पद्धत साधी होती. पुस्तकं वाचून मतं मांडण्याआधी बाहेर पडा, गावात जा, मोजा. मुंबई-पुण्याच्या लेखनात शेतकरी कसा जगतो यावर पानंच्या पानं होती, पण किती जण, किती जमीन, किती कर्ज याचे भरवशाचे आकडे फारच कमी.

दांडेकरांना हे काम मानवलं. १९५० मध्ये देशात राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरोघर जाऊन कुटुंबाचा खर्च विचारायचा, पण देशातल्या सगळ्या घरांत नाही, नीट निवडलेल्या थोड्या घरांत. हे जगातल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक होतं. पहिल्या फेरीच्या कामात गोखले संस्थेचा वाटा होता आणि तिथल्या प्रश्नावल्यांवरचे अहवाल पुण्यातून निघाले. त्याच सुमारास दांडेकर आणि त्यांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर यांनी मिळून पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंचा अभ्यास छापला. कुमुदिनीताई स्वतः लोकसंख्याशास्त्राच्या मोठ्या अभ्यासक होत्या.

१९५७ मध्ये आणखी एक अहवाल आला. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळ कायदा गावात खरंच चालतो का, याची ती तपासणी होती. कागदावर कुळं सुरक्षित होती. गावात मात्र कुळांनी आपणहून जमीन सोडली, अशा नोंदी दिसत होत्या. आपणहून म्हणजे किती आपणहून, हे गावातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. कायदा झाला म्हणजे काम झालं, हा समज त्या अहवालाने मोडला. त्याच वर्षी मा. भा. जगताप यांच्यासोबतचं 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' हे पुस्तकही आलं, तेही मराठीत.

१९६६ मध्ये गाडगीळांनंतर दांडेकर संस्थेचे संचालक झाले आणि १९८० पर्यंत राहिले. पण देशभर त्यांचं नाव झालं ते १९७१ मध्ये.

तोपर्यंत भारतात गरिबी आहे हे सगळेच म्हणत होते. किती आहे, हे नेमकं कुणी सांगत नव्हतं. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास लिहिला. जानेवारी १९७१ मध्ये तो 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या दोन अंकांत छापून आला. त्यांनी एक रेघ ओढली. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळायला किती खर्च येतो? १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात माणशी महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. मग नमुना पाहणीचे आकडे काढले आणि बघितलं, किती लोक या रेघेच्या खाली आहेत. उत्तर आलं, खेड्यात ४० टक्के आणि शहरात जवळपास ५० टक्के.

लक्षात घ्या, ही रेघ चैनीची नव्हती. पोट भरण्याची होती. आणि तीही देशातल्या इतक्या लोकांना ओलांडता येत नव्हती.

दोनच महिन्यांनी, मार्च १९७१ मध्ये, लोकसभेची निवडणूक 'गरिबी हटाओ'वर लढली गेली. या अभ्यासामुळे ती घोषणा आली असं म्हणणं चुकीचं ठरेल, पण घोषणेला लागणारा आकडा टेबलावर आधीच पडला होता. दांडेकर-रथ यांचं उत्तर मात्र घोषणेपेक्षा जास्त कडू होतं. जमीन वाटून गरिबी संपणार नाही, कारण वाटायला तेवढी जमीनच नाही, असं त्यांनी हिशोबासकट दाखवलं. डाव्यांना ते रुचलं नाही. त्यांचा उपाय होता, सरकारने सार्वजनिक कामं काढावीत आणि जो काम मागेल त्याला मजुरी द्यावी. पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला आणि वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. मराठवाड्यातल्या घराघरात आजही खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या त्या आठवणी निघतात.

आता येऊ विम्याकडे.

देशात पीक विम्याचा पहिला प्रत्यक्ष प्रयोग १९७२ च्या सुमारास गुजरातमध्ये एच-४ कापसावर झाला. तो प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा विमा होता. तुमचं शेत, तुमचं नुकसान, तुमची भरपाई. ऐकायला एकदम न्यायाचं. पुढे तो आणखी काही पिकांना आणि राज्यांना लागू झाला. निकाल काय लागला? काही वर्षांत मिळून ३,११० शेतकरी आले. हप्त्यापोटी ४ लाख ५४ हजार रुपये जमा झाले आणि भरपाईपोटी ३७ लाख ८८ हजार द्यावे लागले. आठपटीहून जास्त.

दांडेकरांनी १९७६ मध्ये याच विषयावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा होता. भारतात शेतं लहान आणि कोट्यवधी. प्रत्येक शेताचं दरवर्षीचं उत्पन्न कुणाकडेच लिहिलेलं नाही. ते मोजायला माणसं पाठवली तर खर्च हप्त्याच्या वर जाईल. शिवाय नुकसान पावसाने झालं की खत-फवारणी न केल्याने, हे कसं ठरवणार? आणि पंचनामा करणाऱ्याच्या हातात पैसे ठेवले की आपलं पीक गेलं असं लिहून घेणं किती अवघड? म्हणून शेतकऱ्याला मोजूच नका, परिसर मोजा. सारखी जमीन, सारखा पाऊस असलेला एक भाग घ्या. त्या भागात चिठ्ठी टाकल्यासारखी शेतं निवडा, पीक कापून सरासरी काढा. सरासरी घसरली तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना त्या प्रमाणात पैसे. कुणाचा अर्ज नको, कुणाची शिफारस नको. ज्याने मेहनत करून जास्त पिकवलं, त्यालाही भरपाई मिळते, त्यामुळे मुद्दाम पीक सोडून देण्यात फायदा उरत नाही.

यासाठी लागणारं यंत्र देशात आधीच होतं. पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी बसवली होती. सुखात्मेही सातारा जिल्ह्यातलेच, बुध गावचे. तिचा वापर विम्यासाठी करायचा, ही दांडेकरांची भर.

१९७९ मध्ये दांडेकरांच्या या आराखड्यावर पथदर्शी योजना सुरू झाली. १३ राज्यांत ६ लाख २७ हजार शेतकरी आले. हप्ता जमला १ कोटी ९७ लाख, भरपाई गेली १ कोटी ५७ लाख. पहिल्यांदा हिशोब बसला. मग १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना. नावं बदलली, सरकारं बदलली, गाभा तोच राहिला.

आजचं गणित बघा. एखाद्या मंडळात सोयाबीनचं मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांचं सरासरी उत्पन्न घेतात, त्याला ठरलेल्या जोखीमस्तराने गुणतात. निघालेला आकडा म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा तो हेक्टरी १,००० किलो आला आणि यंदाची सरासरी निघाली ७०० किलो. घट ३० टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर हेक्टरी १५,००० रुपये मिळणार. सरासरी १,०१० आली तर काहीच नाही. आता सरासरी १,०१० असलेल्या मंडळातही ओढ्याकाठचा एक शेतकरी असतो, ज्याच्या रानात एक शेंगही उरलेली नसते. दांडेकरांची योजना त्याच्यासाठी आंधळी आहे. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. परिसर जितका लहान आणि एकसारखा घ्याल तितका अन्याय कमी, हा त्या पद्धतीचाच भाग आहे. म्हणून तर आधी तालुका हे एकक होतं तिथे पुढे मंडळ आलं.

मधल्या काळात योजनेत वैयक्तिक नुकसानीची खिडकी उघडली गेली. ७२ तासांत कळवा, पाहणी होईल, वगैरे. त्यातून तक्रारी आणि बोगस अर्ज दोन्ही वाढले. २०२५ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला, शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता परत आणला आणि भरपाई उत्पादनाच्या सरासरीवरच देण्याचं ठरवलं. म्हणजे गाडी फिरून १९७६ च्या लेखावर आली. आणि नेमक्या त्याच हंगामात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नांदेड, लातूरसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. रानं वाहून गेली आणि लोक पुन्हा तोच प्रश्न विचारू लागले, माझं शेत कोण मोजणार?

सरासरीवरून दांडेकरांचं एक मोठं भांडणही झालं, आणि तेही सुखात्म्यांशीच. सुखात्मे रोमच्या जागतिक अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षं काम करून पुण्यात परतले होते. त्यांचं म्हणणं होतं, माणसाच्या शरीराची अन्नाची गरज रोज आणि माणसागणिक बदलते. सरासरी गरजेवर रेघ ओढली तर धडधाकट माणसंही उपाशी म्हणून मोजली जातात. म्हणजे दांडेकर-रथ यांनी भूक फुगवून दाखवली, असा त्याचा अर्थ. दांडेकरांनी ते मानलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी एकमेकांची गणितं छापील पानांवर तपासली. एका बाजूला पीक कापणीची सरासरी शिकवणारा, दुसऱ्या बाजूला ती विम्याला लावणारा, आणि वाद सरासरी कुठे लावू नये यावर.

याच सुमारास मराठवाडा धुमसत होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे असलेला हा भाग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने मागास भागांना न्याय देण्याचं वचन दिलं होतं. सिंचन, रस्ते, शाळा, वीज, सगळ्यात आपण मागे आहोत हे मराठवाड्यातला प्रत्येक माणूस अनुभवाने सांगत होता. गोविंदभाई श्रॉफांसारखे लोक ते लावून धरत होते. पण किती मागे? १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना हे शोधायला सत्यशोधन समिती नेमली गेली. अध्यक्ष दांडेकर. लातूर जिल्हा तेव्हा जेमतेम एक वर्षाचा होता, १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून वेगळा झालेला.

समितीने पुन्हा सरासरीच काढली. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन सुधारणा, पशुवैद्यकीय सेवा. प्रत्येकात राज्याची सरासरी किती, जिल्हा तिच्या किती खाली, आणि तो खड्डा भरायला किती रुपये लागतील. १९८४ मध्ये अहवाल आला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी ५५ लाख, मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख. सगळ्यात मोठा खड्डा सिंचनाचा.

आणि उरलेले? १,१८९ कोटी ३८ लाख उर्वरित महाराष्ट्राचे! समितीने विभाग नाही, जिल्हा हे एकक धरलं होतं. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातले सरासरीखालचे जिल्हेही यादीत आले. मराठवाडा-विदर्भात संताप झाला. करार विभागांशी होता, मग पैसे जिल्ह्यांना का? दांडेकरांच्या बाजूने बघितलं तर गणित चोख होतं. सरासरीच्या खाली जो आहे तो मागास, मग तो कुठल्याही विभागात असो. पण मराठवाड्याचं गाऱ्हाणं फक्त आकड्याचं नव्हतं, दिलेल्या शब्दाचं होतं. ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. इथे दांडेकरांची पद्धत तोकडी पडली, असं म्हणावं लागतं.

सरकारने अहवाल जसाच्या तसा स्वीकारला नाही, तरी अनुशेषासाठी वेगळा पैसा द्यायची वाट त्यातूनच पडली. १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळं आली. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजलं, तेव्हा एप्रिल १९९४ चा एकूण अनुशेष १४,००६ कोटी ७७ लाख निघाला. मराठवाड्याचा ४,००४ कोटी ५५ लाख. दहा वर्षांत पाचपट! यात महागाईचा भाग आहेच. पण सरासरीचा स्वभावही आहे. पुढचे जिल्हे पुढे गेले की सरासरी वर सरकते, आणि मागचा चालत असला तरी अंतर वाढतच जातं.

दांडेकरांनी १९७० मध्येच पुण्यात इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी ही संस्था काढली होती. १९८९ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं. निवृत्तीनंतर ते तिथेच रमले. स्वतंत्र भारताच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आढावा त्यांनी हाती घेतला. पहिला खंड १९९४ मध्ये आला. ३० जुलै १९९५ ला दांडेकर गेले. लोकसंख्या, गरिबी आणि रोजगारावरचा दुसरा खंड १९९६ मध्ये, त्यांच्या माघारी छापला गेला.

लातूरच्या अभ्यासिकेत बसून यातलं बरंच काही आज फुकट तपासता येतं. गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून आपल्या डिजिटल संग्रहात ठेवलेत. दांडेकरांच्या काळात खोल्या भरून असलेल्या नमुना पाहणीच्या आकड्यांसाठी केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाची वेबसाईट आहे. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी आर्थिक पाहणी काढतं, तीही मराठीत. शिवाय जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन म्हणून प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं पुस्तक असतं, नांदेडचं आणि लातूरचंही. अनुशेषाची पुढची गोष्ट वाचायची तर विजय केळकर समितीचा अहवाल नियोजन विभागाच्या वेबसाईटवर मिळतो.

विकास मंडळांची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० ला संपली.